हात बसताना

जर्मनीतल्या वाइमारच्या दक्षिणेला गेल्मेरोडा नावाचं एक गाव आहे. आता ते शहरातच मोडतं, पण चालत गेलं की मध्ये शेतं लागतात आणि शेतांपलीकडे एकदम टोकदार कळस दिसायला लागतो. चर्च एवढंसं, एखाद्या वाडीतल्या देवळाइतकं. कळस मात्र असा की कुणीतरी नुकतीच टोक केलेली पेन्सिल आभाळाकडे रोखून धरली आहे. लिओनेल फायनिंगर हा चित्रकार १९०६ पासून या भागात यायचा. सायकलवरून आसपासची खेडी पालथी घालायचा आणि जागेवर बसून भराभर टिपणं काढायचा. १९१९ मध्ये वास्तुकार वाल्टर ग्रोपिउसनं वाइमारला बाउहाउस ही कलाशाळा सुरू केली, तेव्हा पहिल्या शिक्षकांमध्ये फायनिंगर होता. या एका चर्चची त्यानं १३ तैलचित्रं केली, प्रत्येकाला रोमन आकडा देऊन.

वाइमारला वास्तुकला शिकायला आल्यावर मी सगळ्यात आधी हिंडायला गेले ती या गेल्मेरोड्याला. फायनिंगर हे कारण होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. तिथं चालत जाता येतं. तिकीट काढावं लागत नाही, कुणाला काही विचारावं लागत नाही, तोंड उघडावं लागत नाही.

पुण्यात मी जर्मनची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले होते. वर्गातलं व्याख्यान समजायचं. पण बेकरीच्या काउंटरवर माझा नंबर आला की जीभ टाळ्याला चिकटायची. मागच्या रांगेतली माणसं माझ्या वाक्यातलं क्रियापद शेवटी येतंय का हे ऐकत उभी आहेत, असं वाटायचं. मग मी सुपरमार्केटमधला पाकीटबंद पाव उचलायची. तीन आठवडे मी तोच पाव खाल्ला. आई फोनवर विचारायची, "अगं, काय काय बघितलंस?" मी तिला खोलीच्या खिडकीतून दिसणारं झाड दाखवायची.

गेल्मेरोड्याला त्या दिवशी मी जेमतेम दहा मिनिटं रेघा मारल्या असतील. तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ आले, "गूटेन टाग" म्हणाले आणि माझ्या वहीकडे त्यांची नजर वळायच्या आत मी ती मिटली. शाई ओली होती. उघडून बघितलं तर कळस समोरच्या पानावरही उमटला होता, उलटा आणि पुसट. ते पान मी फाडलं नाही, आजही वहीत आहे.

जागेवर बसून चित्र काढण्याची सवय मला पुण्यातल्या आमच्या सरांनी लावली. त्यांचा एकच दंडक होता: बाहेर जाताना खोडरबर घरी ठेवायचा. शाईनं काढायचं. रेघ चुकली तर चुकलेलीच राहू द्यायची, शेजारी बरोबर रेघ मारायची आणि पुढं जायचं. त्या वेळी मला हा हट्ट वाटायचा. एक तासाच्या चित्रात पहिली पाच मिनिटं सगळ्यात भीतीची असतात, हे मला नंतर कळलं. डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ कुठं घ्यायची, कागदावर इमारत किती मोठी बसवायची, हे तेव्हाच ठरतं. पेन हात लांब करून धरायचं, एक डोळा मिटायचा, दाराची उंची पेनावर अंगठ्यानं मापायची आणि भिंतीत अशी किती दारं बसतात ते मोजायचं. मोजणी झाली की मग मात्र थांबायचं नाही. थांबलं की हात थरथरतो आणि थरथर कागदावर उतरते.

पुढचे दोन रविवारही मी गेल्मेरोड्यालाच गेले. तिसऱ्या खेपेला तेच गृहस्थ पुन्हा दिसले. या वेळी मी वही मिटली नाही. ते थांबले, बघितलं, मान हलवली आणि गेले. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. पण परतीच्या वाटेवर मी बेकरीत शिरले आणि गव्हाचा नको, राय धान्याचा द्या, असं सांगून पाव घेतला.

मग एर्फुर्ट. वाइमारहून रेल्वेनं पंधरा मिनिटांचं अंतर, म्हणजे पुणे स्टेशनवरून पिंपरीला जाण्यापेक्षाही कमी. तरी आदल्या रात्री मी वेळापत्रक चारदा तपासलं होतं. एर्फुर्टमधला क्रेमरब्र्युके हा पूल मला बघायचा होता. त्याच्यावर दोन्ही बाजूंना घरं आहेत, खाली दुकानं, वर माणसं राहतात. दगडी पूल १३२५ मधला, आज त्यावर ३२ घरं आहेत. नकाशात बघत बघत मी गेले, लाकडी चौकटींच्या घरांमधून जाणारी एक अरुंद गल्ली ओलांडली, पलीकडे पोचले आणि पूल शोधायला लागले. पूल कुठंच दिसेना. परत आले, पुन्हा तीच गल्ली.

शेवटी एका दुकानासमोर काचा पुसणाऱ्या बाईंना विचारलं. आधी मनात वाक्य जुळवलं होतं, ते ऐन वेळी विसरले आणि नुसतं "ब्र्युके?" एवढंच तोंडातून निघालं. बाईंनी पायानं जमिनीवर ठक ठक केलं. मी पुलावरच उभी होते. मग त्यांनी बाजूच्या वाटेकडे बोट केलं: खाली जा, पाण्याजवळ जा.

खाली गेरा नदी आहे. नदी म्हणण्याइतकं पाणी नाही, पण स्वच्छ आहे आणि काठावर बसायला गवत आहे. तिथून वर बघितलं आणि सगळा उलगडा झाला. दगडी कमानी, त्यांच्यावर खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं, प्रत्येकाचा रंग वेगळा. मी दोन तास बसले. ती घरं काढताना हाताला काहीतरी ओळखीचं लागत होतं. आमच्या आजोबांचा वाडा वाईला आहे. त्याचाही सांगाडा लाकडाचा, खांबांवर तुळया आणि मधल्या भिंती नुसत्या भरावाच्या. पण इथं प्रत्येक चौकटीत एक तिरकी दांडी होती. वाड्यात अशी तिरकी दांडी मी कधी काढली नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या घराशी आल्यावर हाताला कळलं की ही शोभेची नाही, वारा चौकटीला ढकलून तिरकी करू पाहतो त्याला ती अडवते. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण खरं समजलं ते त्या गवतावर, ती रेघ चाळीस-पन्नास वेळा मारल्यावर.

मे २०२३ मध्ये ४९ युरोंचं डॉइचलांडटिकेट निघालं. महिनाभर देशभरातल्या सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना ते चालतं, फक्त आयसीईसारख्या वेगवान गाड्यांना चालत नाही. ही अट माझ्या पथ्यावर पडली. सावकाश जाणाऱ्या गाड्या, चार-चारदा बदलाव्या लागणाऱ्या. प्रत्येक बदलीला एक नवं स्टेशन, आणि स्टेशनावर वीस मिनिटं मिळाली की एक छोटं चित्र.

अशाच एका रविवारी संध्याकाळी परत येताना माझी गाडी मध्येच दोन भागांत सुटली. इकडे हे सर्रास होतं. दोन गाड्या एकत्र जोडून निघतात, एका स्टेशनावर वेगळ्या होतात, पुढचा भाग एका गावाला जातो, मागचा दुसऱ्या. डब्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, घोषणाही होते. मी घोषणा ऐकली होती, त्यातला "त्सूगटाइल" हा शब्द ऐकला होता, पण तो माझ्यासाठी आहे हे लक्षात आलं नाही. बाहेर भलतीच शेतं दिसायला लागली तेव्हा छातीत धस्स झालं. पुढच्या थांब्यावर उतरले. फलाट एकच, स्टेशनची जुनी विटांची इमारत कुलूपबंद, दुकान नाही, माणूस नाही. उलट जाणारी गाडी दोन तासांनी.

सहा महिन्यांपूर्वीची मी असते तर आईला फोन लावून रडले असते. त्या दिवशीही फोन हातात घेतला होता. मग वाटलं, दोन तास उजेड आहे. फोन पिशवीत टाकला आणि बाकावर बसून ती बंद इमारत काढायला घेतली. खिडक्यांवर विटांच्या सपाट कमानी होत्या, एका खिडकीच्या फळीला जुन्या हिरव्या रंगाचे पोपडे धरले होते, छपरावरची गंजलेली पन्हळ एका बाजूनं सुटली होती. पन्हळीपर्यंत आले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बराच वेळ झाला, माझ्या मनात भीतीचा विचारही आला नाहीये. गाडी आली. गार्डबाईंना मी स्वतःहून सांगितलं की मी चुकीच्या भागात बसले होते. त्यांनी मला "त्सूगटाइल" हा शब्द नीट समजावून सांगितला, पुढचा कुठला, मागचा कुठला, पाटी कुठं बघायची. मी वहीच्या त्याच पानावर तो लिहून घेतला.

न्युर्नबर्गला मी गेले ती पेन्सिलींसाठी. फाबर-कास्टेलचा कारखाना १७६१ पासून जवळच्या श्टाइनमध्ये, श्टेड्टलर १८३५ पासून न्युर्नबर्गात. लहानपणी माझ्या कंपासपेटीवर कॅम्लिनचं नाव होतं, दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं. न्युर्नबर्गच्या दुकानात बोटांत पेन्सिल फिरवताना त्या पेटीचा वास आठवला. आल्ब्रेख्ट ड्युरर हा चित्रकार १५०९ पासून १५२८ मध्ये वारेपर्यंत ज्या घरात राहिला ते अजून उभं आहे: खाली वालुकाश्म, वर लाकडाची चौकट, आणि चौकटीत तीच तिरकी दांडी. ओळखीची माणसं भेटावी तसं वाटलं.

कलोनचं कथीड्रल मला जमलं नाही. बांधायला सुरुवात १२४८ मध्ये, काम पुरं झालं १८८० मध्ये, उंची १५७ मीटर. माझ्या वहीची उंची २१ सेंटिमीटर. तीनदा सुरू केलं, तीनदा कळस कागदाबाहेर गेला. चौथ्यांदा एका दाराशेजारचा खांबाचा पायथा तेवढा काढला आणि त्याला टेकून सँडविच खाणारा एक मुलगा. संध्याकाळी चाळताना तेच पान पुन्हा पुन्हा बघत राहिले. काय सोडायचं हे मला तिथं कळलं, आणि हे ठरवायला काढण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

वाइमारच्या उत्तरेला एटर्सबर्गची टेकडी आहे. शहरातून बस वर जाते, बूखेनवाल्डला. १९३७ ते १९४५ या काळात तिथं छळछावणी होती. गटे-शिलर या कवींच्या शहरापासून इतक्या जवळ. तिथं मी वही पिशवीतून काढली नाही. पण तिथंच मला कळलं की कैद्यांनी जीव धोक्यात घालून, मिळतील त्या कागदांच्या तुकड्यांवर चित्रं काढली होती. बोरिस तास्लित्स्की या फ्रेंच चित्रकारानं तिथं शंभराच्या वर चित्रं केली. समोरचा माणूस चित्रात तरी उरावा म्हणून तो रेघ मारत होता. त्यानंतर बरेच दिवस कुठंही पेन उचलताना मला त्या कागदांची आठवण यायची. चित्र काढताना कुणी बघतंय म्हणून लाजणं मला तेव्हापासून क्षुल्लक वाटायला लागलं.

ड्रेस्डेनला मी दुसऱ्या वर्षी गेले, लाइप्त्सिकला गाडी बदलून. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री या शहरावर बॉम्बहल्ला सुरू झाला. आगीत होरपळलेला फ्राउएनकिर्शे या चर्चचा दगडी घुमट १५ तारखेला कोसळला. पुढं अनेक वर्षं तिथं दगडांचा ढीग तसाच होता. मग १९९४ पासून चर्च पुन्हा बांधलं, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडलं. ढिगातले जे दगड धड सापडले ते नव्या भिंतीत बसवले. म्हणून ते चर्च आज ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, नवे दगड फिकट पिवळे, जुने काळे. एका बाजूला कोपऱ्याचा जिना असलेला उंच तुकडा हल्ल्यानंतरही उभा राहिला होता, तो अख्खाच काळा. हा वालुकाश्म हवेनं आपोआप काळा पडत जातो. काही पिढ्यांनी नवे-जुने ओळखू यायचे नाहीत.

मी नॉयमार्क्ट चौकात एका पायरीवर बसले. ठरवलं, बाह्यरेषा अगदी हलक्या घ्यायच्या आणि फक्त काळे दगड भरायचे. बाकी चर्च कागदानंच उभं करायचं. कष्टाचं काम होतं. एकेक दगड मोजून, दोन खिडक्यांमधल्या अंतरावरून त्याची जागा ठरवून, मग शाई. दीडेक तास गेला असेल. शेजारी एक आजोबा येऊन बसले. काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून त्यांनी आधी चर्चकडे बघितलं, मग माझ्या पानाकडे, मग परत चर्चकडे. तिकडच्या साक्सन बोलीत "क" चा "ग" होतो, "ट" चा "ड", त्यामुळं त्यांचं पहिलं वाक्य मला समजलं नाही.

"पुन्हा सांगाल का?" मी विचारलं. वाक्य आधी मनात जुळवलं नव्हतं.

ते सावकाश म्हणाले, "डा फेल्ट आइनर." तिथं एक राहिलाय. काठी उचलून त्यांनी डाव्या खिडकीच्या वर दाखवलं. मी डोळे बारीक केले, हात लांब करून पेनानं मापलं, खिडकीच्या टोकापासून दोन थर वर, जरा उजवीकडे. तिथं खरंच एक काळा दगड होता, एकटाच. त्यांना विचारलं, इतका नेमका कसा ठाऊक? ते म्हणाले, रोज इथं बसतो. मग बराच वेळ बोलत होते, मीही बोलत होते. "डेर"च्या जागी "डी" म्हटलं असेन, क्रियापदं कुठंही पडली असतील.

मध्येच ते थांबले आणि काठीनं पुन्हा पानाकडे खूण केली. बोलता बोलता तो दगड काढायचा राहूनच गेला होता. मी पेनाचं टोपण काढलं.