शोलावरमचा ट्रक

ट्रक विकायला काढला तेव्हा फोन करणारे बहुतेक जण आधी हेच विचारायचे, "आत कुठली गाडी आहे?" आत काही नव्हतं. विकायचा होता तो ट्रकच. पुढे बॉनेट असलेला 1978 चा टाटा 1210, मागे बंद बॉडी, कपाळावर 'श्री जोतिबा प्रसन्न'.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या अण्णांचं गॅरेज होतं. शर्यतीच्या गाड्या मद्रासजवळ शोलावरमला पोचवायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर तिथे शर्यती व्हायच्या. 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला रीतसर ट्रॅक झाला, तेव्हापासून ट्रक तिकडे जाऊ लागला.

बाहेरून तो चारचौघांसारखा मालट्रक. अण्णांची अक्कल दिसायची ती फाळका उघडल्यावर. 1980 च्या दशकाच्या अखेरीला कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती बांधली. ही एका माणसाची गाडी जमिनीला इतकी लागून असते, की साध्या फळीवरून चढवायला जावं तर नाकच आधी घासतं. म्हणून अण्णांनी चौदा फुटी लोखंडी पाट्या करून घेतल्या होत्या. तेवढ्यानं भागलं नाही तर ट्रकची मागची चाकं एखाद्या चरात उतरवायची, म्हणजे मागची बाजू खाली येऊन चढ कमी होतो. पुढून चेनकप्पीनं गाडी इंच इंच ओढायची. पट्टे आवळायचे ते चाकांना, बॉडीला नाही. बॉडी आवळली की वाटेतला प्रत्येक खड्डा सांगाड्याला बसतो; चाकं बांधली तर गाडी आपल्या स्प्रिंगांवर हलत राहते. हे सगळं अण्णा नव्या पोरांना शिव्या देत शिकवायचे.

भाच्यानं मोबाइलवर शोधून काढलं, की स्कॉटलंडच्या एकुरी एकोस या रेसिंग संघाचा जुना कॉमर ट्रान्सपोर्टर 2013 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 18 लाख पौंडांना गेला. "आत्या, आपण घाई करायची नाही," म्हणाला. त्याच आठवड्यात भंगारवाला येऊन गेला. त्यानं टायरवर लाथ मारली, बॉडीखाली वाकून बघितलं आणि किलोच्या भावानं दीड लाख सांगितले. "ताई, लाकूड आमच्या काय कामाचं न्हाई, ते वजनात धरू नका."

खरी अडचण कागदांची होती. अण्णा असेपर्यंत ट्रक वापरात नसल्याचा अर्ज आरटीओत वेळच्या वेळी जात होता, त्यामुळे कर थकलेला नव्हता. पण फिटनेस कधीच संपलेलं. 15 वर्षांवरच्या अवजड गाडीच्या फिटनेसची फी 2022 मध्ये साडेबारा हजार झाली होती, आणि पास व्हायचं तर ब्रेकपासून सगळं नवं. मी म्हटलं, व्हिंटेज म्हणून नोंदवू, आणखी थोडी वर्षं थांबावं लागलं तरी चालेल. एजंट हसला. 2021 च्या नियमात व्हिंटेजचा दर्जा 50 वर्षांवरच्या दुचाकींना आणि घरगुती वापराच्या चारचाकींनाच आहे. मालट्रक कितीही म्हातारा झाला तरी त्यात बसत नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा अख्खं कोल्हापूर बघायला लोटतं, मीही जाते. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण राबणाऱ्या गाडीला वारशात जागाच नाही, हे मला काही पटलेलं नाही.

शेवटी गिऱ्हाईक आलं ते कोइम्बतूरहून. सत्तरीचे गृहस्थ, तरुणपणी शोलावरमला गाडी पळवलेले. बॉनेटकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ आत चढले, गुडघ्यावर बसले आणि फळ्यांमधल्या कड्या एकेक करून हलवून पाहिल्या. मग टेपनं आतली लांबी मोजली. त्यांची जुनी रेसिंग कार त्यांना या ट्रकमध्येच उभी करून ठेवायची होती, शेडमध्ये, कायमची. रस्त्यावर आणायचाच नसल्यामुळे प्रश्न सुटला: नोंदणी रद्द करून घ्यायची आणि ट्रक लोबेड ट्रेलरवर चढवून न्यायचा. दोन लाख ऐंशी हजारांवर सौदा ठरला. भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र हातात आलं, ट्रेलर दारात लागला, आणि तेव्हा गृहस्थांनी विचारलं, "पाट्या कुठे आहेत?" पाट्या शेजारच्या गॅरेजवाल्याकडे होत्या, कित्येक वर्षं तो त्यांच्यावर रिक्षा चढवून खालून काम करत होता. "वहिनी, अण्णांनी मला दिल्यात त्या," तो म्हणाला, आणि ते खरंही असेल. पाट्यांशिवाय ट्रक नको, असं गृहस्थांनी साफ सांगितलं. दुपारभर चहा झाले. अखेर शेजाऱ्याला शिरोलीतून नव्या पाट्या करून द्यायच्या ठरल्या. त्याचे पैसे गृहस्थांनी तिथल्या तिथे मोजून दिले, आणि ट्रकच्या किमतीतून तेवढेच कापायला सांगितले.