सातपुड्याच्या नावे जमा असलेली रक्कम

धुळ्याहून दोंडाईचामार्गे शहाद्याकडे निघाले की सारंगखेड्याला तापी ओलांडावी लागते. पुढे कापूस, ऊस, पपईची शेते आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या या शहादे तालुक्यात टेंभली हे छोटे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक येथेच दिले गेले.

परंतु अंगठा ओळखणाऱ्या यंत्राला इंटरनेट लागते. शहादे सोडून धडगावकडे घाट चढू लागले की मोबाइलची रेंज जाते. स्वस्त धान्य असो वा निराधारांचे अनुदान, संपर्क नसेल तर हक्काचा माणूसही रिकाम्या हाताने परततो.

हे अंतर मिटवण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. तिला पैसा मिळाला तो दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलावरील ५ टक्के आकारणीतून. ही आकारणी अखेर ग्राहकाच्या बिलातूनच निघते. म्हणजे जळगावच्या सराफी पेढीच्या फोनबिलातही सातपुड्याचा वाटा जमा आहे.

बँकेच्या नोकरीने एक गोष्ट शिकवली. विहिरीसाठी कर्ज वाटले गेले, म्हणजे विहिरीला पाणी लागले असे नव्हे. ‘ग्रामपंचायत जोडली’ हाही वाटपाचाच आकडा आहे. माल गोदामात आला. गिऱ्हाइकाच्या हाती पडला का, हे वेगळे पाहावे लागते. पहिल्या टप्प्यांत केबल बहुतांशी एकाच सरळ रेषेत टाकली होती. रस्त्याच्या खोदकामात ती एका जागी तुटली की पुढची सारी गावे बंद पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत केबल वलयाकार जोडायची आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून संपर्क राहील. शिवाय दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आहे. माझ्या मते या योजनेतील खरी गुंतवणूक हीच.

शहादे, तळोदे, शिरपूर येथील आपल्या बाजारपेठा डोंगरातील गिऱ्हाइकांवर उभ्या आहेत. त्यांच्या खात्यात पैसे वेळेवर आले, तरच आपल्या गल्ल्यात येतात. म्हणून खेड्यात दुकान असलेल्या बांधवांनी रोजमेळाच्या कडेला आणखी एक नोंद ठेवावी : ग्रामपंचायतीची लाइन कोणत्या तारखेला बंद पडली आणि कोणत्या तारखेला सुरू झाली. ग्रामसभेत अशी वही उघडली, तर उत्तर देणे कोणालाही टाळता येणार नाही.