दुर्गम निसर्गस्थळांची सहल : फायदे आणि तोटे

मे महिना संपत आला की आमच्या घरी एकच प्रश्न असतो, "आई, यंदा काजवे बघायला जायचं ना?" दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला. मृगाच्या पावसाआधीचे दिवस. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे लुकलुकत असतात.

अशा प्रवासाचे फायदे खूप आहेत. शहरातल्या मुलांना खरा अंधार माहीतच नसतो. माझ्या लेकीनं त्या रात्री पहिल्यांदा आकाशभर चांदण्या पाहिल्या. "एवढा उजेड, मग काजवा भाजत कसा नाही?" असं तिनं विचारलं. थंड प्रकाशाचा धडा वर्गात कितीदा शिकवला, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता! गावातल्या लोकांनाही चार पैसे मिळतात. आम्ही जेवलो ती पिठलं-भाकरी एका घरातल्या मावशींनी चुलीवर केली होती.

आता तोटे. घाटाच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. मोबाइलला रेंज नाही, दवाखाना लांब. लहान मूल आजारी पडलं तर काय, हा विचार आधीच करायला हवा. झाडांखाली वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या पडलेल्या होत्या.

पण सर्वात मोठी चूक माझीच झाली. वर्गात दाखवायला फोटो हवा म्हणून मी मोबाइलचा फ्लॅश मारला. समोरचं झाड क्षणात विझल्यासारखं झालं. सोबतचा गावातला मुलगा हळूच म्हणाला, "ताई, बॅटरी बंद करा. त्यांना एकमेकांचा उजेड दिसू द्या."

मला फार लाज वाटली. काजव्यांचे नर-मादी या लुकलुकण्यावरूनच एकमेकांना ओळखतात. आपल्या उजेडात त्यांचा संकेत हरवतो, जोडी जमत नाही, मग पुढच्या वर्षीचे काजवे कुठून येणार? शिवाय त्यांच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात, गोगलगायी खातात. आपण पायवाट सोडून फिरलो की ती माती तुडवली जाते. हे सगळं मी शिकवते, पण तिथे विसरले.

मग जायचंच नाही का? मला तसं वाटत नाही. जे पाहिलंच नाही ते जपावंसं मुलांना कसं वाटेल? पण जाताना शक्यतो शनिवार-रविवार टाळा. गाडी गावात ठेवा, दिवे बंद करा. कचरा परत आणा. स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याचं ऐका.

यंदा लेकीनं निघण्याआधीच बजावलंय, "आई, मोबाइल पिशवीत राहील." वर्गात दाखवायला फोटो नसेल. लेकच येऊन सांगेल मुलांना, काय काय पाहिलं ते.