निसटलेलं नाव

परवा नातू लॅपटॉपशी झटत होता. यादी होती ४, ०, ०, ७. दुसरी यादी न करता त्यातच शून्यं काढून टाकायची. पहिल्यापासून एकेक तपासत गेला, उरलं ४, ०, ७. "आबा, एक शून्य राहतंच!"

मी कागदावर मांडून बघितलं. दुसऱ्या जागेवरचं शून्य काढलं की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. दुसरं शून्य त्या रिकाम्या जागी येतं, आणि आपण तर तिसरी जागा बघायला गेलेलो!

आणि मला १९८४ सालचा फळा आठवला. गडचिरोली जिल्हा होऊन दोनच वर्षं झालेली. चामोर्शीहून मार्कंड्याला सहल. वर्गणी न दिलेल्यांची नावं डस्टरने पुसायची, खालची वर चढवायची. (कागद जपून वापरायचे दिवस.) लागोपाठच्या दोघांची वर्गणी बाकी होती. पहिल्याचं पुसलं, दुसऱ्याचं त्याच्या जागी लिहिलं आणि नजर पुढच्या ओळीवर गेली.

सकाळी यादी वाचली मीच. पोरगा "हजर" म्हणाला. मार्कंड्याला हिशेब जुळेना, तेव्हा चारचौघांत त्याला म्हणालो, "चोरून आलास." तो वैनगंगेकडे तोंड करून बसला. डबाही उघडला नाही.

नातवाने मग शेवटून तपासलं. त्यात सरकतात ते तपासून झालेलेच. दोन्ही शून्यं गेली. मीही तसंच पुसत आलो असतो तर पोरगा घरीच राहिला असता, पण चोर ठरला नसता.

काल त्या वर्गातल्या एकाला फोन लावला, तो हल्ली कुठे असतो ते विचारायला.