बोटीवरचा टेप

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरात तेव्हा ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. खलाशी गावी जातात, नेपाळचे नेपाळला, कर्नाटकातले कर्नाटकात. माझं काम मात्र याच दिवसांत वाढतं. इकडे इंजिन खोललेलं असतं, तिकडे सुतार फळ्या बदलत असतो, आणि त्या सगळ्यांच्या मधून मी वायर ओढत फिरतो. दिवे, पंप, जीपीएस, वायरलेस हे मार्गी लागलं की जुलै सरता सरता नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, हमखास विषय काढतो, "आता टेपचं बघ. आवाज कमी पडतो."

ही मागणी मी कधीच चैनीची मानली नाही. चार-पाच दिवस, कधी त्याहून जास्त, सात-आठ माणसं एका डेकवर राहतात. जाळं ओढायचं, म्हावरं निवडायचं, बर्फात भरायचं, थोडं पाठ टेकायचं आणि पुन्हा जाळं. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. मग पेनड्राइव्हमध्ये भरून आणलेलं जे असेल तेच सोबतीला. एकाच पेनड्राइव्हवर कोळीगीतं, जुनी हिंदी गाणी, भजनं आणि नेपाळी लोकगीतं मी पाहिली आहेत. पहाटे तीनला, हात गारठलेले असताना, आपल्या भाषेतलं गाणं कानावर पडणं म्हणजे काय, ते त्या नेपाळी पोरांना विचारावं. म्हणून मी हे काम दिव्यांच्या कामाइतक्याच निगुतीने करतो.

नाखव्याला हवा असतो मोठा अँप आणि मोठे वूफर. मी पिशवीतून आधी मल्टिमीटर काढतो. गाणं लावायला सांगतो, आवाज चढवायला सांगतो आणि अँपच्या तोंडाशी व्होल्टेज मोजतो. बॅटरीवर १२.६ दिसतात आणि अँपपाशी, ढोल पडतो त्या क्षणी, ११ च्याही खाली काटा उतरतो. बहुतेक बोटींचं दुखणं इथेच असतं. इंजिनघरातल्या बॅटरीपासून केबिनच्या छतापर्यंत, बोटीच्या अंगाने वळणं घेत, तार सहज दहा मीटर होते. करंटला जायचं असतं तसंच परतही यायचं असतं, म्हणजे वीस मीटर. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून २० अँपिअर ओढले तर या वीस मीटरमध्ये जवळजवळ १.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. अँप उपाशी राहतो. त्याला लाट पुरती उचलता येत नाही, तिचं डोकं कापलं जातं, आणि ती कापलेली लाट स्पीकरची कॉइल तापवते. ऐकणाऱ्याला आवाज फाटलेला लागतो आणि तो म्हणतो, अँप लहान आहे. त्या जागी दुप्पट ताकदीचा अँप बसवला तर तो आणखी करंट मागणार आणि व्होल्टेज आणखी खाली बसणार. तीच तार २५ चौरस मिलिमीटरची केली की खर्च ०.३ व्होल्टच्या आत येतो. जुन्याच अँपमधून मग असा आवाज निघतो की नाखवा केबिनमध्ये वाकून बघतो, नवीन काय बसवलं म्हणून.

माझी सुरुवात गाड्यांच्या टेपपासून झाली, म्हणून हे सांगू शकतो की गाडीवाला मेकॅनिक बोटीवर नेमका कुठे अडतो. गाडीत पॉझिटिव्हची एकच तार ओढायची, निगेटिव्ह पत्र्याला स्क्रू मारून द्यायचा, की काम झालं. गाडीचं सगळं अंगच परतीची वाट असतं. लाकडी किंवा फायबरच्या बोटीला असं अंग नाही. मग हात आपसूक इंजिनच्या लोखंडाकडे जातो, कारण तेवढंच काय ते जवळ असतं. पण इंजिनला शाफ्ट जोडलेला असतो, शाफ्टला पंखा, आणि पंखा समुद्रात. टेपची परतीची वाट इंजिनच्या अंगावरून नेली, आणि कुठे एखादा पॉझिटिव्ह जोड बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या, पाण्यात भिजला, तर गळणारा करंट पाण्यातून आपली वाट काढतो. पाण्यातल्या ज्या धातूतून तो बाहेर पडतो तो धातू झिजत जातो. जस्ताचे ठोकळे वेळेआधी संपतात, मग पाळी पंख्याची आणि शाफ्टची. त्याचा संबंध टेपशी कोणी लावत नाही. म्हणून बोटीवर निगेटिव्हची तारही पॉझिटिव्हइतकीच जाड ओढायची आणि ती बॅटरीच्या एकाच ठिकाणी, निगेटिव्ह पट्टीवर, आणायची. असं केल्याने आणखी एक त्रास जातो. इंजिनची रेस वाढवली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेसबरोबर तीही चढत जाते. तो अल्टरनेटरचा सूर असतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ दिली की तो आत शिरतो.

बऱ्याच ट्रॉलरवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. टेप १२ व्होल्टचा. सोपा मार्ग म्हणजे दोनपैकी एका बॅटरीवरून टेप चालवणे, आणि बंदरात शंभरातल्या बऱ्याच बोटींवर तेच दिसेल. त्यात एक बॅटरी रोज रिकामी होत राहते आणि दुसरी भरलेली असतानाही चार्ज घेत राहते. पहिली उपासमारीने मरते, दुसरी अति चार्जने. आणि इंजिन सुरू व्हायला दोघीही ठणठणीत लागतात. गाण्यापायी खोल समुद्रात इंजिन सुरू होऊ नये, याच्याइतकी वाईट गोष्ट माझ्या धंद्यात दुसरी नाही. म्हणून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्यायचा, आणि तो बॅटरीपाशी न ठेवता टेपपाशी ठेवायचा. लांबचा प्रवास २४ व्होल्टवर झाला की तितक्याच कामाला करंट निम्मा लागतो. नाखवा तयार असेल तर टेपसाठी आणि केबिनच्या दिव्यांसाठी बॅटऱ्यांचा वेगळा संच ठेवायचा आणि स्टार्टरच्या बॅटऱ्यांना कोणी हात लावायचा नाही. फ्यूज मात्र कुठल्याही परिस्थितीत बॅटरीपासून वीतभर अंतरात. तो टेपच्या मागे असून उपयोग नसतो. बॅटरी आणि टेप यांच्यामध्ये तार घासून उघडी पडली तर आग त्या मधल्या तारेलाच लागणार.

खाऱ्या हवेबद्दल किती सांगावं! साध्या तांब्याची तार टोकाशी हिरवी पडते हे सगळ्यांना माहीत आहे. पण सोलून पाहिली तर आवरणाच्या आत हातभर लांबीपर्यंत ती काळी झालेली सापडते, कारण तारांच्या बारीक केसांमधून ओल आत चढत जाते. कथील चढवलेली तार महाग पडते, पण ती टिकते. गाडीच्या दुकानात जो स्वस्त वायरिंगचा संच मिळतो त्यातली तार बहुतेकदा वरून तांबं आणि आतून अॅल्युमिनियम असते. जाडीवर भुलू नये. किनाऱ्यावर तिची आतून पांढरी भुकटी होते. थिंबल नीट दाबून बसवायचं आणि त्यावर आत गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवायची. नुसतं सोल्डर करून सोडलेला जोड इंजिनच्या थरथरीने नेमका सोल्डर संपतो तिथे तुटतो. आणि एक बारीक गोष्ट. भोकं बुजवायला जे सिलिकॉन वापरतात त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते तारेजवळ लावू नये. सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं. बिनवासाचं मिळतं, ते मागून घ्यावं. तार स्पीकरमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झुकवायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या झोळातून खाली गळतं, स्पीकरच्या पोटात जात नाही.

स्पीकर निवडताना डब्यावर छापलेले वॉट मी बघतच नाही. संवेदनशीलतेचा आकडा बघतो. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल, हे त्यात असतं. ८६ च्या जागी ९२ चा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला चौथाई ताकद पुरते. बॅटरीवर जगणाऱ्या बोटीला हा हिशोब फार मोलाचा आहे. घरात भिंती आवाज परत देतात. उघड्या डेकवर तो गेला की गेला. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात, आणि ढोलाचा खालचा सूर तर वाऱ्यावरच विरतो. तो परत मिळवायला अँप मोठा करत जाण्यापेक्षा स्पीकर माणसांजवळ न्यावा. म्हावरं निवडतात तिथे, केबिनच्या भिंतीला, छताच्या वळचणीखाली, तोंड थोडं खाली करून दोन चांगले स्पीकर लावले की कमी आवाजात काम भागतं. कागदी कोन आणि फोमची कड दोन पावसाळे काढत नाही. प्लास्टिकचा कोन, रबराची कड आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे स्क्रू, एवढं मी धरूनच चालतो.

एक जागा मात्र स्पीकरला कायमची वर्ज्य आहे, ती म्हणजे होकायंत्राच्या आसपास. स्पीकरच्या पाठीला मोठा चुंबक असतो. जीपीएस आल्यापासून होकायंत्राकडे लक्ष कमी जातं, पण बॅटरी बसली की तेच उरतं. पक्का करण्याआधी मी स्पीकर हातात घेऊन जागेवर धरतो आणि दुसऱ्या माणसाला होकायंत्राकडे बघायला सांगतो. काटा जरा हलला तरी जागा बदलायची. अँपच्या तारा तिथून न्याव्याच लागल्या तर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एकमेकींना पिळून नेतो. दोघींमधला करंट उलटसुलट दिशांनी जातो, त्यामुळे त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं.

इथपर्यंतचं सगळं कुठलाही चांगला वायरमन शिकू शकतो. मला ज्याची खरी काळजी वाटते ते पुढे आहे. समुद्रातल्या टक्करी टाळण्यासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवला पाहिजे. कानांनीही. धुक्यात, मुसळधार पावसात चालत्या जहाजाने दोन मिनिटांच्या आत एकदा लांब भोंगा द्यायचा असतो, आणि तो ऐकायला समोरच्या बोटीवर कोणाचे तरी कान मोकळे असावे लागतात. शिवाय बोट हाकणाऱ्या तांडेलाचे कान सतत इंजिनवर असतात. पट्टा सरकतोय, बेअरिंग बोलतंय, बिल्जचा पंप कोरडा फिरतोय, हे तो मीटर बघून ओळखत नाही, सूर बदलला म्हणून ओळखतो. आणि मग व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा वायरलेस. १६ नंबरचं चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाची हाक तिथेच येते. वादळाचा इशाराही माणसाच्या आवाजातच येतो. नोव्हेंबर २००९ मधलं फयान वादळ या किनाऱ्यावरच्या वस्त्या विसरलेल्या नाहीत. समुद्रावर गेलेले सगळे परत आले नाहीत.

म्हणून टेपचा स्पीकर आणि वायरलेसचा स्पीकर मी कधीही एक करत नाही. वायरलेसला स्वतःचा स्पीकर, तांडेलाच्या कानाच्या उंचीवर. टेपचा एकही स्पीकर सुकाणूच्या दिशेने तोंड करून नाही. टेपमधून अँपकडे जी निळी-पांढरी बारीक तार जाते, जी अँपला जागं करते, ती तोडून तिच्यात एक मोठं बटण घालतो आणि ते सुकाणूपाशी, अंधारात चाचपून सापडेल असं, बसवतो. दाबलं की डेकवरचे स्पीकर जागच्या जागी गप्प. टेपच्या छोट्या पडद्यावर बोट फिरवत बसायचं नाही.

यात एक चोर आणखी असतो, आणि तो दिसत नाही. स्वस्त कन्व्हर्टर, एलईडीचे स्वस्त दिवे आणि काही डिजिटल अँप चालू असताना रेडिओ लहरींचा कचरा फेकत राहतात. कानाला काही ऐकू येत नाही, पण व्हीएचएफचा कान त्याने भरून जातो आणि दूरची क्षीण हाक त्याखाली दबते. एलईडी दिव्यांमुळे असं होतं म्हणून अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये इशाराच काढला होता. तपासायला सोपं आहे. सगळं बंद ठेवून व्हीएचएफ एका शांत चॅनेलवर लावायचा, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, खरखर जेमतेम थांबेल तिथे आणायचा आणि मग टेप चालू करायचा. खरखर परत आली तर कन्व्हर्टर किंवा अँप नापास. आधी तारांवर फेराइटचे मणी घालून, तारा ॲंटेनाच्या केबलपासून दूर नेऊन बघतो. तरीही खरखर राहिली तर ती वस्तू काढतो आणि दुकानात परत देतो, मग ती कितीही नामांकित असो आणि नाखवा कितीही घाईत असो.

यंदा एका नाखव्याशी यावरून बरीच बोलाचाली झाली. त्याने पैसे वेगळे काढले होते ते अँपसाठी आणि दोन वूफरसाठी. मी यादी दिली ती तारांची, कन्व्हर्टरची, वेगळ्या बॅटऱ्यांची आणि दोनच स्पीकरची. "दादा, माझे पैसे भिंतीच्या आत गेले की," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण यातलं बहुतेक काही डोळ्यांना दिसत नाही. त्याला इंजिनघरात नेऊन मी जुनी तार सोलून दाखवली, मग मल्टिमीटर त्याच्याच हातात दिला आणि गाणं लावलं. आकडा खाली येताना त्याने स्वतः पाहिला. तांडेल शेजारीच उभा होता. तो नाखव्याला एवढंच म्हणाला की बटण सुकाणूच्या डाव्या अंगाला पाहिजे, उजवा हात मोकळा नसतो. बटण डावीकडे बसवलं. अँप जुनाच ठेवला. वूफरचं पुढच्या पावसाळ्यात बघायचं ठरलं आहे.