डाव्या हाताचा फ्री थ्रो

१६ मार्च १९९०. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये बो किंबल फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला आणि त्याने चेंडू डाव्या हातात घेतला. किंबल उजव्या हाताने खेळणारा. अमेरिकेतल्या विद्यापीठांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा बाद पद्धतीची असते, तिथे एकेक गुण जपावा लागतो. तरीही त्याने नेम डाव्या हाताने धरला, आणि चेंडू जाळीत गेला. बाराच दिवसांपूर्वी त्याचा जिवलग मित्र हँक गॅदर्स कोर्टवर कोसळून गेला होता. हँकही उजवाच, पण फ्री थ्रो जमेनात म्हणून ते डाव्या हाताने टाकू लागला होता.

खेळाडूंची हृदयं तपासणं हे माझं काम. आमच्या शाखेत हँकचं नाव निघतं ते आजार आणि औषधाच्या संदर्भात. ती बाजू महत्त्वाचीच आहे, म्हणून आधी तीच सांगते. हँक आणि बो दोघेही उत्तर फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतले. तिथे राहून पोरांना हात देणारे फादर डेव्ह हेगन हे त्यांचे आधारस्तंभ. दोघे लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट या जेझुइट विद्यापीठात खेळू लागले. १९८८-८९ च्या हंगामात हँक गुण आणि रिबाउंड या दोन्हींत देशात पहिला होता, सामन्यामागे सरासरी ३२.७ गुण आणि १३.७ रिबाउंड. ९ डिसेंबर १९८९ ला तो सामन्यात कोसळला. श्रमाने हृदयाची लय बिघडते असं निदान झालं, हृदयाचा वेग आवरणारं बीटा ब्लॉकर हे औषध सुरू झालं. औषधाने खेळ मंदावला, तशी त्याची मात्रा कमी होत गेली. ४ मार्चला एक जोरदार डंक मारून परतताना तो पुन्हा पडला. आई आणि मावशी प्रेक्षकांत होत्या. डिसेंबरनंतर विद्यापीठाने हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर आणून ठेवलेला होता. तो वापरला गेला हँकला स्ट्रेचरवरून बाहेर नेल्यावर. वय २३. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा विकार आढळला.

एवढं वाचलं की डॉक्टर पान उलटतो. मला मात्र त्यानंतरचे दिवस सोडवत नाहीत. ज्या जमिनीवर तो पडला, त्याच व्यायामशाळेत विद्यापीठाने त्याची शोकसभा घेतली. फिलाडेल्फियात बॅप्टिस्ट चर्चमध्ये अंत्यसंस्कार झाले. मग संघाने खेळायचं ठरवलं. गतविजेत्या मिशिगनला त्यांनी १४९-११५ असं हरवलं, अलाबामाला ६२-६०. नेवाडा-लास व्हेगासपुढे ते हरले, पण तोवर प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो किंबल डाव्या हातानेच टाकत राहिला. मी त्याला प्रार्थनाच म्हणते. 'का' या प्रश्नाला ना फादरकडे उत्तर होतं ना माझ्यासारख्या डॉक्टरांकडे, आणि त्या पोरांना काही तरी करायचं होतं, हाताने, सगळ्यांच्या देखत.

पुढे किंबलने हँकच्या ४४ या क्रमांकाच्या नावाने एक संस्था काढली. ती लोकांना सीपीआर शिकवते आणि डिफिब्रिलेटरचा आग्रह धरते. बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका मिळायला उशीर झाला आणि तोवर सीपीआरही मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. या संस्थेत मला तोच डावा हात दिसतो.

आपल्याकडे पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारा पोरगा पडतो, कबड्डी खेळताना कुणी जातं. गाव बंद राहतं, चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लागतो, वर्षभरात त्याच्या नावाचा स्मृतिचषक सुरू होतो. 'देवाला आवडला' म्हणणाऱ्या आजीशी मी वाद घालत नाही. त्या शब्दांनी घर उभं राहतं, हे मी पाहिलं आहे. स्मृतिचषकाचं निमंत्रण आलं तर जाते आणि संयोजकांना सांगते, हार-तुरे कमी करा, मैदानाच्या कडेला यंत्र ठेवा, दहा पोरांना छाती दाबायला शिकवा. कुणी नाही म्हणत नाही. त्यांनाही काही तरी करायचंच असतं.

अडतं ते शवविच्छेदनापाशी. 'पोराची चिरफाड नको' असं बाप म्हणतो, आणि त्या घटकेला त्याला काय सांगायचं? पण हृदयाचा स्नायू जाड होण्याचा जो आजार तरुण खेळाडूंचा जीव घेतो, तो सुमारे पाचशे माणसांत एकाला असतो आणि बहुधा आनुवंशिक असतो. आईबापांपैकी एकाकडून आला असेल, तर प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी. कारण न कळताच देह चितेवर गेला, की धाकट्या बहिणीला धोका आहे की नाही हे सांगणारा पुरावाही जातो. इथे माझ्यापेक्षा गावच्या कीर्तनकाराचा शब्द जास्त चालतो. त्यांनी बापाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की पोराचा देह जाता जाता बहिणीच्या उपयोगी पडेल, तर ते ऐकलं जातं. आमच्या रुग्णालयांनी अशा माणसांशी आधीपासून बोलून ठेवायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

भावंडांसाठी मी तेराव्यानंतर जाते. त्याआधी घरात तपासणीचा विषय काढणं क्रूरपणाचं वाटतं, आणि फार उशीर केला तर भीती घट्ट होते. तेरावा झाला की पाहुणे पांगतात, घर पुन्हा चुलीकडे, शेताकडे वळतं. तेव्हा ईसीजी आणि टूडी इकोसाठी मुलांना पाठवा म्हणते. आई विचारते, 'एक गेला, आता यांच्यातही खोट काढता का?' तिच्याशेजारी बसून सगळं पुन्हा सांगते. अहवाल स्वच्छ आला तरी काम संपत नाही. हा आजार वाढत्या वयात उशिराही दिसू लागतो, म्हणून त्या वयाच्या मुलांना वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासावं लागतं. पुढच्या तपासणीची तारीख मी वर्षश्राद्धाच्या आसपासची देते. तो दिवस घरात कुणी विसरत नाही.