एकतीस फूट

आषाढात घरातलं कुणी लाँचने मुंबईला निघालं की आमची आजी अबोला धरायची. ‘जा’ म्हणायची नाही, ‘नको’ही म्हणायची नाही. माणूस पोचल्याचं कार्ड येईपर्यंत ओटीवर बसून राहायची. आमचं गाव रेवसपासून दोन कोसांवर. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बरीचशी गटारीला घरी यायला निघालेली. त्यातल्या ओळखीच्यांची नावं आजी घेत नसे, ‘त्या बोटीतले’ एवढंच म्हणे. त्यामुळे आमच्या घरात बोटीची परीक्षा एकच होती, परत येते का. किती जोरात जाते, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

ही परीक्षा मला आठवली ती वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. ओहायोतल्या एका यार्डात मी उकिडवा बसलो होतो आणि प्लास्टिकची हातोडी घेऊन एका परक्या माणसाच्या बोटीचं बूड ठोकून बघत होतो.

बोट म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते तसली नव्हे. लांब निमुळती नाळ, बसायला मागच्या बाजूला चार-पाच जागा, त्यांच्यामागे झाकणाखाली भली मोठी दोन इंजिनं. इकडे तिला ‘ऑफशोअर परफॉर्मन्स बोट’ म्हणतात. आमच्याकडे तिचं नाव ‘सिगरेट’. बायको हे नाव ज्या सुरात उच्चारते त्यावरून नव्या माणसाला वाटेल मला व्यसन लागलंय. फार चूकही नाही म्हणा.

सिगरेट हे खरं तर एका कंपनीचं नाव. मायामीच्या डॉन अॅरोनाऊने १९६२ मध्ये फॉर्म्युला काढली, विकली. मग डॉन्झी काढली, विकली. मॅग्नम काढली, विकली. मग सिगरेट. हे नाव त्याने उचललं दारूबंदीच्या काळातल्या एका चोरट्या बोटीवरून. त्याच्या बोटी शर्यती जिंकत, तस्कर त्या विकत घेत आणि त्यांना पकडायला सरकारही त्याच्याकडूनच बोटी घेई. ३ फेब्रुवारी १९८७ ला त्याच्याच कारखान्यांच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या. हा इतिहास मी घरी अजून पूर्ण सांगितलेला नाही.

मी नोकरीसाठी डेट्रॉइटला आलो तो गाड्यांच्या कारखान्यात. पाण्याचा संबंध संपला असं वाटलं होतं. पण इथून अर्ध्या तासावर लेक सेंट क्लेअर आहे, आणि या भागाला बोटींचं वेड फार जुनं. अल्गोनॅकच्या गार वुडने १९३२ मध्ये चार पॅकार्ड इंजिनं जोडलेली ‘मिस अमेरिका टेन’ ताशी १२४ मैलांवर नेली होती. दारूबंदीत कॅनडातून येणारी दारूही बरीचशी याच पाण्यावरून आली. पहिल्या उन्हाळ्यात काठावर उभा राहिलो तर समोर पाणीच पाणी, पलीकडचा किनारा दिसेना. नाकाने मात्र हा समुद्र नव्हे हे लगेच सांगितलं. खारा वास नाही, सुकटीचा नाही.

पुढे सहकाऱ्याकडून एकवीस फुटी बोट घेतली. पुढच्या टोकाला बसायला मोकळी जागा, मुलांना आवडते तशी. दोन वर्षं मजेत गेली. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमधल्या एका दुपारी आम्ही तिघं मधोमध असताना वारा फिरला. लेक सेंट क्लेअर अकराशे चौरस किलोमीटर पसरलेलं, पण सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. उथळ पाण्यात लाट उंच होत नाही, आखूड आणि उभी होते. एकीतून नाळ बाहेर काढेपर्यंत दुसरी अंगावर. पुढची बसायची जागा पाण्याने भरली, नाळ जड झाली, मग पुढची प्रत्येक लाट सरळ आत. बायको बर्फाच्या खोक्याचं झाकण घेऊन पाणी उपसत होती. नऊ वर्षांची मुलगी माझ्या पायाला मिठी मारून होती आणि मी तिला खोटं हसून दाखवत होतो. आठ मैलांना दोन तास लागले.

धक्क्यावर कुणी काही बोललं नाही. रात्री बायको म्हणाली, “अहो, विकून टाका ती.” मी मान डोलावली. आठवड्याने भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, “नाहीतर मोठी घ्या.”

इथल्या बोटवाल्यांत दोन फुटांचा आजार म्हणून एक प्रकार आहे. हातात आहे त्यापेक्षा दोन फूट जास्त हवी असं कायम वाटत राहणं. माझं दुखणं दहा फुटांचं निघालं.

मोठी म्हणजे केबिनवाली, स्वयंपाकघरवाली का नाही, हे बायकोने रीतसर विचारलं. उत्तर बोटीच्या तळाशी आहे. सपाट तळ लाटेवर आपटतो, खोल ‘व्ही’ आकाराचा तळ लाट चिरतो. रे हंट नावाच्या आरेखकाने हा तळ मोटरबोटींना आणला. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात त्याची ‘मॉपी’ पहिली आली आणि तेव्हापासून जगभर त्या तळाची नक्कल चालू आहे. मागच्या टोकाशीही जवळजवळ चोवीस अंशांचा उतार. किंमत अशी की हा तळ पाण्यात रुतून बसतो, त्याला वर काढायला भरमसाट ताकद लागते आणि उभी असताना बोट डुलते. पण उथळ तळ्याच्या उभ्या लाटांतून घरी यायचं तर हाच. वेग हा त्याचा जोडधंदा. असं मी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, “आणि पेट्रोल?” गॅलनला मैल-सव्वा मैल, हे मी जरा हळू आवाजात सांगितलं.

नवी घेणं म्हणजे दुसरं घर घेणं. म्हणून जुनी. आणि जुनी बोट बघणं म्हणजे आधीच्या मालकाचा स्वभाव बघणं, हे कळायला दोन हिवाळे गेले.

फ्लोरिडातली एक फोटोवरच बाद केली. तिकडे खारं पाणीच इंजिनातून फिरवून थंडावा घेतात आणि ते पाणी एक्झॉस्टचे ओतीव भाग आतून खात जातं. इकडची गोड्या पाण्यातली बोट त्या बाबतीत सुखी. तिचं मरण थंडीत. ब्लॉकमध्ये पाणी राहिलं आणि गोठलं की ते फुगतं आणि ओतीव लोखंड शेंगेसारखं तडकतं.

ओहायोतली बोट आरशासारखी चमकत होती. क्रोम, नवी गादी, बारा स्पीकर. मालक इंजिनापेक्षा आवाजाबद्दल जास्त बोलत होता. मागची फळी, जिच्यावर सगळ्या इंजिनांचा जोर येतो, ती आतून प्लायवूडची असते, वरून फायबर. मी कोपऱ्यापासून हातोडी टेकवत निघालो. टक्, टक्, टक्. स्वच्छ, कोरडा आवाज. ट्रिम टॅबच्या, म्हणजे बोटीचा तोल साधणाऱ्या मागच्या पट्टीच्या, स्क्रूपाशी आलो आणि ठप्प. परत वर, टक्. परत खाली, ठप्प. आमच्याकडे फणस असाच बघतात. कच्चा टणटणतो, पिकला की घुमा बोलतो. फणसाच्या बाबतीत ठप्प आवाज आला की घरी पाहुणे बोलवायचे असतात, इथे घरी परत जायचं असतं. कुणीतरी स्क्रूची भोकं सीलंट न भरता पाडली होती, त्यातून वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. ओल मोजायच्या मीटरचा काटा उजव्या टोकाला जाऊन बसला. मालक म्हणाला, “सगळ्याच जुन्या बोटी असं बोलतात.” चार तास गाडी हाकत मी परत आलो.

तिसरी घरापासून चाळीस मैलांवर निघाली. १९९८ ची फॉर्म्युला, एकतीस फूट, दोन ७.४ लिटर इंजिनं. मालक निवृत्त मशिनिस्ट, सत्तरीचा, गुडघे गेलेले, चढउतार होईना म्हणून विकत होता. गादी दोन ठिकाणी उसवलेली, रंग उन्हाने उडालेला. मी सोळा प्लग काढून कॉम्प्रेशन मोजायची परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला, “डाव्या इंजिनाचा तिसरा कमी येईल. सहा वर्षं तेवढाच आहे.” आणि तेलाचे डाग पडलेली एक वही पुढे केली.

पंधरा सिलेंडर दीडशेच्या आसपास. डावीकडचा तिसरा १४२. वहीत चार वर्षांपूर्वीच्या तारखेसमोर त्याच सिलेंडरला १४३ लिहिलेलं. फरक दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे नियमाने निर्धोक. पण मला पटला तो आकडा नव्हे, त्याने तो आधी सांगितला हे पटलं. ड्राइव्हचं तेल काढलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं. फळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टक् टक् बोलली.

चाचणीसाठी मी मुद्दाम वाऱ्याचा दिवस मागितला. म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या, मग हसला. बायको बरोबर आली, दांडा धरून बसली, ओठ मिटून. ताशी तीस मैलांवर त्याच आखूड, उभ्या लाटा. पण आपटणं नाही. खालून फक्त दबका थडथडाट आणि दोन्ही बाजूंना फेस उडून जायचा. मी इंजिनांच्या तेलाच्या दाबाकडे बघत होतो, इंजिनं गरम होऊनही काटे जागचे हलले नव्हते. पूर्ण थ्रॉटलला साठच्या वर गेली असेल, पण तेवढ्यात बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि माझा आकडा नीट बघायचा राहिला. धक्क्याला लागल्यावर ती उतरली, खाली वाकली, पायातल्या कापडी बुटांना हात लावून म्हणाली, “कोरडे आहेत.” घासाघीस त्यानंतर मी जवळजवळ केलीच नाही.

आता ऑक्टोबरचा शेवट आहे. गावाकडे पाऊस आला की होड्या वर ओढतात, इथे बर्फ यायच्या आत. काल दिवसभर झाकणाखाली डोकं घालून होतो. ब्लॉकच्या बाजूला एक पितळी बूच असतं. ते काढलं की आतलं पाणी यायला हवं. उजव्या इंजिनाचं आलं, धारेने. डाव्याचं काढलं तर दोन थेंब पडले आणि थांबले. म्हाताऱ्याच्या वहीत यासाठी एक ओळ आहे, शेजारी वाकड्या तारेचं चित्र. तशी तार वाकवली, भोकात घालून हलवली. आधी गंजाचे खवले, मग तांबूस पाणी, मग साफ धार.

वरून मुलीने विचारलं, “झालं का, बाबा?” ती आता कॉलेजात आहे, आठवड्याच्या सुट्टीला आली होती, हातात दोन कप चहा.

“थांब जरा,” मी म्हणालो. धार बारीक होत चालली होती. ती पूर्ण थांबेपर्यंत बोट भोकाखाली धरून ठेवलं.